कुलपं

वादळ तिकडं होतं, पूर्वेच्या किनाऱ्यावर.
नागपूरला त्याची नुसती झालर पोचली,
दीड दिवसाची रिपरिप.
गच्चीवरच्या माझ्या मूगवड्या भिजल्या
आणि मी त्याला शिव्या दिल्या, नाव माहीत नसताना.
नाव संध्याकाळी कळलं, टीव्हीवर.
मग वड्यांबद्दल मी कुणापाशी बोलले नाही.

नंदनवनच्या शाळेत, सहावी ‘ब’च्या वर्गात
गठ्ठे येऊन पडले.
निवडायला आम्ही चौघी,
आणि गाठी मारायला पुनाराम,
इतवारीत हमाली करणारा, आज दांडी मारून आलेला.

लोक काय काय देतात!
जरीची शेरवानी, बाहीवर हळदीचा डाग.
डाव्या पायाचे तीन बूट, उजवा एकही नाही.
एक पोहायचा पोशाख. तो हातात धरून
आम्ही पोट धरधरून हसलो,
तर नुसरतआपा म्हणाल्या,
“पोहता येत होतं तेच वाचले असतील बापा.”
हसू जिथल्या तिथं राहिलं.

मी बटणं बघते. शिवणाऱ्या बाईची खोड.
ज्या वर्षी नाग नदी आमच्या गल्लीत शिरली
(नदी कसली, आम्ही नालाच म्हणायचो,
त्या रात्री तिनं आपलं नाव परत घेतलं)
माझी मशीन तीन दिवस गाळात होती.
तेव्हा असाच एक गठ्ठा मलाही मिळाला.
त्यात गाऊन होता, चांगला,
देणारीच्या पावडरीचा वास अजून गळ्याशी,
बटणं मात्र सगळी कापून घेतलेली.
घेतली असतील. कामी येतात. मीही घेते.
पण नऊ काजं आणि बटण एक नाही
असा गाऊन, छातीशी मुठीत आवळून,
शिध्याच्या रांगेत उभं राहून बघावं कुणी.

म्हणून मी इथं बसून बटणं लावते.
फ्लोराबाई म्हणतात, ट्रक थांबणार नाही तुझ्यासाठी.
थांबतो थोडा.

पाचव्या दिवशी प्रज्योतचा फोन लागला,
पहिल्या ट्रकसोबत गेलेला तो.
आवाज बसलेला, मागं कुणाचं तरी जनरेटर.
“काकू, कपडे बास आता.
कपड्यांचा ढीग झालाय, त्यावर बकऱ्या झोपतात.
ताडपत्री पाठवा, नायलॉनची दोरी.
बायकांसाठी पॅड, काळ्या पिशवीतून, मागायला लाजतात.
आणि कुलपं.”

कुलपं?
दारं कुठं राहिलीत त्यांची?
“पत्र्याच्या पेट्या वाटल्या ना काल.”

बाकीच्या एकमेकींकडं बघत राहिल्या.
मला आमचं दार आठवलं,
पाण्यानं फुगून चौकटीत न बसणारं.
गाळ काढून झाला त्या सकाळी
ह्यांनी बाजारातून आधी तांदूळ नाही आणले,
कुलूप आणलं.
कडी कोयंड्याला पोचत नव्हती
तरी कामाला जाताना नुसतं लटकवून जायचे.
आत काय होतं?
एक पातेलं, दोन चादरी, पंचनाम्याचा कागद.
पण संध्याकाळी येऊन ते खिशातून किल्ली काढायचे
तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं,
आपण घरी आलो.

इतवारीतल्या शेटनं साठ कुलपं दिली,
खरेदीच्या भावात, वर घासाघीस करून.
आम्ही एकेक बाकाच्या कडीत घालून पारखलं,
उघड, लाव, उघड.
वर्गात टकटक चालली होती नुसती, कुणी बोलेना.
दोन्ही किल्ल्या मी त्याच कड्याला बांधल्या,
लाल दोऱ्यानं,
बटणाला मारते तशी गाठ.

ट्रक गेला पावणेनऊला.
पुनाराम मागच्या फळीवर चढून बसला.
तू कुठं रे, विचारलं तर म्हणे,
उतरवायला कोणी लागंल ना तिकडं.

एकोणसाठ गेली.
एक लागलं ते उघडलंच नाही,
सहावी ‘ब’च्या तिसऱ्या बाकाला अडकून बसलंय.
सोमवारी पोरं विचारतील, सरही विचारतील.
सांगू काहीतरी.